बाबांच्या रेकॉर्डी परत जमवायच्या तर आधी यादीला चाळणी लाव

तू विचारलंयस ते थोडक्यात असं, की कलिनाच्या तळमजल्यावरच्या घरात बाबांच्या साधारण दोनशे एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्डी, होत्या, २६ जुलै २००५ च्या पुरात त्या गेल्या, चिखल माखलेल्या पाच-सहा तेवढ्या मावशीकडे राहिल्या, आणि आता बाबांनी स्वतःच्या हाताने यादी लिहिलेली वही सापडलीय. पन्नास हजार बाजूला काढलेस आणि ओरिजिनल घ्यायच्या का नवीन रीइश्यू, म्हणजे जुन्याच रेकॉर्डी पुन्हा छापलेल्या, मुंबईत शोधायच्या कुठे, प्लेअर कुठला, आणि ठेवायच्या कशा हे हवंय. काका म्हणून विचारलंस म्हणून अगंतुगं करतोय, चालवून घे. मी बरीच वर्षं रेकॉर्डी जमवतो, धुतो, थोड्याफार विकतो आणि लोकांचे प्लेअर लावून देतो, त्यातून जे कळलंय ते सांगतो, लांबेल जरा.

पहिलं म्हणजे वही घेऊन दुकानात जाऊ नकोस. हातात यादी दिसली की भाव तिथेच चढतो हे तर आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. बाबांनी त्या रेकॉर्डी घेतल्या तेव्हा दुकानात जी आली ती घेतली, त्यांना निवड नव्हती. तुला आहे. म्हणून घरी बसून प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट ठरवायची, की हे संगीत आज ज्या प्रतीवर सगळ्यात चांगलं वाजेल ती बाबांकडे होती तीच आहे का दुसरी कुठली. असं केलंस की यादीचे आपोआप तीन ढीग पडतात आणि तिघांचं खरेदीचं गणित पूर्ण वेगळं आहे.

पहिला ढीग शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग, पुलंचं कथाकथन असल्या रेकॉर्डींचा. इथे उत्तर जवळजवळ कायम 'तीच'. यातलं बरंचसं एचएमव्हीने कलकत्त्याला दमदमच्या कारखान्यात छापलं, बाहेरच्या देशात त्यातलं फार थोडं निघालं आणि रीइश्यू आल्या तरी तुरळक, त्यामुळे जुनी प्रतच शोधायची. त्यासाठी नंबर वाचायला शीक, कव्हरच्या कोपऱ्यात आणि लेबलवर असतो. ईएएलपी म्हणजे शास्त्रीय मोनो (दोन्ही स्पीकरला एकच आवाज), ईएएसडी म्हणजे शास्त्रीय स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा), ईसीएलपी आणि ईसीएसडी हे सुगम, फिल्मी वगैरे बाकीच्याचे मोनो आणि स्टिरिओ, एमओसीई दिसलं तर ओडियन-एंजलचं फिल्मी. वहीत बाबांनी नंबर लिहिले असतील तर तुझं अर्धं काम झालं. आणि मोनो बघून नाक मुरडू नकोस, साठच्या दशकातल्या गायनाच्या मोनो एलपी कित्येकदा जास्त भरीव वाजतात, अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबून ऐक, खरखर लगेच कमी होते, कारण मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं आणि वरखाली हालचालीतून येतो तो नुसता आवाजाचा कचरा, तो बटणाने कापला जातो.

याच ढिगात कुठली रेकॉर्ड किती घासलेली असणार याचा अंदाज आधीच बांधता येतो. भीमसेनजींची अभंगवाणी दर आषाढीला लागायची, घराघरात लागायची, त्यामुळे मिळते भरपूर पण बहुतेक प्रती दमलेल्या असतात. शिवकल्याण राजा १९७४ ला आली, राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली त्या निमित्ताने, आणि मराठी घरांत ती इतकी गेली की घाई करायचं कारणच नाही, पहिली दिसेल ती घेऊ नकोस, दोन-तीन बघ आणि मग ठरव. गीतरामायणाचा संच घेताना प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढून नंबर जुळवून बघ, एखादी हमखास गायब असते किंवा त्याच भागाची दुसऱ्यांदा घुसवलेली असते, आणि सुटी एक रेकॉर्ड नंतर शोधणं म्हणजे पूर्ण संच शोधण्यापेक्षा कठीण. कथाकथनाच्या आणि आलापीच्या रेकॉर्डी मात्र वाजवून बघितल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. किशोरीताईंची भूप असलेली एलपी असेल तुझ्या यादीत, नसेल तर घाल, त्यात सुरुवातीच्या शांत आलापीत एक टिकटिक असली तरी ती पूर्णवेळ कानात बसते, तीच टिकटिक आरडीच्या गाण्यात ड्रमखाली कुठे गेली कळतसुद्धा नाही. पुलंच्या बाबतीत तर ते थांबतात तिथेच मजा असते आणि नेमकी त्या थांबण्यात खरखर बोलते.

कॉल ऑफ द व्हॅली वेगळी सांगतो कारण प्रत्येकाच्या यादीत ती असतेच. १९६७ ची, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. पुन्हा पुन्हा छापली गेलीय, त्यामुळे कोणी 'रेअर आहे मॅडम' म्हणून भाव सांगायला लागला तर हसून पुढे जायचं.

दुसरा ढीग बाबांच्या इंग्लिश रेकॉर्डींचा. कलिना-सांताक्रूझ बाजूला राहून, वांद्र्याचे कॅथलिक मित्र असून, इंग्लिश रेकॉर्डी नसतील असं शक्यच नाही. पिंक फ्लॉइडची १९७३ ची डार्क साइड ऑफ द मून, बीटल्स, वगैरे आपल्याकडे दमदमलाच छापलं जायचं. साचे बऱ्याचदा परदेशातून आलेले असायचे, म्हणजे मूळ माल चांगला, पण इथला प्लास्टिकचा दर्जा सारखा नसायचा आणि शांत जागी मागे एक सततची सळसळ येते. गंमत म्हणजे बाहेरचे कलेक्टर भारतीय बीटल्स हौसेने मागतात, त्यामुळे आपल्याकडच्या भावावर त्याचा परिणाम झालाय. माझं मत विचारशील तर बाबांच्या आठवणीसाठी एक-दोन भारतीय प्रती घे, बाकी सगळ्या नवीन रीइश्यू घे, त्याच पैशात कितीतरी स्वच्छ वाजेल.

ओरिजिनलच भारी असतं असं म्हणणारे खूप भेटतील. त्यांना जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या काइंड ऑफ ब्लूचं उदाहरण दे. १९५९ ची रेकॉर्ड, तिच्या पहिल्या रेकॉर्डिंग सेशनला टेप मशीन जरा हळू फिरत होतं, त्यामुळे ती टेप बरोबर वेगाने वाजवली की अख्खी पहिली बाजू किंचित चढ्या सुरात येते. कित्येक वर्षं सगळं जग तशीच ऐकत होतं. नव्वदच्या दशकात ती दुरुस्त झाली, म्हणजे इथे महागडी जुनी प्रत बेसूर आणि नंतरची चांगली रीइश्यू सुरात. आता उलट बाजूही सांगतो, महाग रीइश्यूवर काय छापलंय त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. मोबाइल फिडेलिटी नावाची अमेरिकन कंपनी, ऑडिओफाइल लोकांची एकदम लाडकी, २०२२ ला उघड झालं की त्यांच्या बऱ्याच रेकॉर्डींत मधे एक डिजिटल टप्पा होता आणि गिऱ्हाईक समजत होतं की टेपपासून सुईपर्यंत सगळं अ‍ॅनालॉग. केवढा गदारोळ झाला. मजा अशी की तोपर्यंत त्याच रेकॉर्डी ऐकून लोक अ‍ॅनालॉगच्या उबेबद्दल भरभरून लिहीत होते. त्यामुळे कान वापर, स्टिकर वाचू नकोस.

तिसरा ढीग हिंदी सिनेमाचा, आणि इथे कात्री लाव. साठ-सत्तरच्या दशकातल्या एलपी जुन्या घे, चांगल्या प्रतीत मिळाल्या तर छानच वाजतात. शोलेची, १९७५ ची, पॉलिडोरची गाण्यांची एलपी आणि डायलॉगची एलपी वेगवेगळ्या आहेत हे लक्षात ठेव, डायलॉगची तेव्हा तुफान खपली आणि लोकांनी ती पाठ होईपर्यंत वाजवली, त्यामुळे कव्हर चकाचक आणि आत रेकॉर्ड पांढुरकी असा प्रकार नेहमीचा. ऐंशीच्या दशकातल्या उत्तरार्धातल्या बऱ्याच एलपी मात्र मी तुला सोडूनच दे म्हणेन, कॅसेटने धंदा खाल्ला होता, रेकॉर्डी पातळ आणि आवाज करणाऱ्या निघायच्या, नव्वदच्या दशकात तर इथलं छापणंच थांबलं. आता सारेगामा वगैरे जुनं पुन्हा काढतायत आणि २०२४ पासून मुंबईत परत रेकॉर्ड छापायला लागलेत, त्यामुळे ज्या हिंदी एलपीचा जुन्या बाजारात वेड्यासारखा भाव आहे तिच्यासाठी थोडं थांबायला हरकत नाही.

ईपी, म्हणजे छोट्या सात इंची, त्या यादीत असतील तर एक सावधगिरी. इथे फिरणाऱ्या कित्येक ईपी एकेकाळी मंडप-लाऊडस्पीकरवाल्यांच्या पेटीतल्या आहेत, गणपतीत दहा दिवस सकाळ-संध्याकाळ जड हाताच्या प्लेअरवर वाजलेल्या. मधलं भोक मोठं कापलेली असेल तर ती ज्यूकबॉक्सची, इराण्याच्या हॉटेलातली वगैरे. दिसायला मजेशीर, ऐकायला नाही.

आता कुठे शोधायचं. रिदम हाऊस २०१६ ला बंद झालं, त्यामुळे काळा घोड्याला गेलं आणि सगळं एका छताखाली मिळालं हे आता विसर. नवीन आणि इम्पोर्टेडसाठी माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लब आहे, तिथे वाजवून बघता येतं, प्लेअरही दाखवतात. इम्पोर्टेड नवीन एलपी अडीच ते चार हजारांच्या घरात पडते हे धरून चाल, परदेशातून स्वतः मागवलीस तर शिपिंग आणि कस्टम ड्यूटी मिळून तिथली स्वस्त रेकॉर्ड इथे महाग होते, एकटी-दुकटी मागवायचा विचारच करू नकोस. जुन्यासाठी फोर्टात फुटपाथवर आणि चोरबाजारात. चोरबाजारात मटण स्ट्रीट, ग्रँट रोड ईस्टला उतरून चालत जा, शुक्रवारी जाऊ नकोस, त्या दिवशी पहाटेचा रस्त्यावरचा बाजार असतो पण पक्की दुकानं बंद. भेंडीबाजाराच्या रीडेव्हलपमेंटने तो सगळा परिसर बदललाय, जुनी ओळखीची दुकानं हलली आहेत, विचारत विचारत जावं लागतं. घासाघीस कर पण आधी चार रेकॉर्डी बाजूला काढून मग एकत्र भाव विचार, एकेकीचा विचारलास की अडकलीस.

पण खरं सांगू का, मराठी आणि शास्त्रीय चांगल्या प्रतीत दुकानात कमी आणि माळ्यावर जास्त सापडतं. गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड, डोंबिवली, जिथे जिथे सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाते तिथे महिनाभर आधी माळे रिकामे होतात आणि आजी-आजोबांच्या रेकॉर्डी रद्दीत निघतात. एका हातातलं कलेक्शन, जपून वाजवलेलं, कव्हरवर नाव आणि तारीख घातलेली. दोन-तीन रद्दीवाल्यांना नंबर देऊन ठेव, नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाक, कोणाचं घर रिकामं होतंय का. इंग्लिशसाठी वांद्रे आणि पारशी कॉलन्या. आणि कोणी म्हातारं माणूस फुकट देत असेल तर फुकट घेऊ नकोस गं, वाजवी पैसे दे, त्यांना भाव माहीत नसतो याचा फायदा घेणारे आधीच पुष्कळ आहेत. माहिती जुळवायला सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून मुंबईतलीच, त्यांच्या द रेकॉर्ड न्यूज नियतकालिकाचे जुने अंक नेटवर आहेत, विशेषतः ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डींच्या, काळासाठी सोनं आहे. एलपीचे नंबर आणि आवृत्त्या डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर बघ, भारतीय नोंदी अर्धवट असतात पण असतात.

दुकानात रेकॉर्ड बघायची कशी, हे सगळ्यात महत्त्वाचं. ट्यूबलाइटखाली बघून काही कळत नाही, मोबाइलचा टॉर्च तिरका धर किंवा सरळ दारात उन्हात जा. बारीक केसासारख्या रेघा बहुतेक वाजत नाहीत, नखाला लागणारा स्क्रॅच नक्की वाजतो. रेघा एकही नाही पण खाचा राखाडी, निस्तेज दिसतायत तर ठेव खाली, ती जड सुईने घासलेली आहे आणि वरच्या पट्टीत आवाज फाटणार, लेबलजवळच्या शेवटच्या गाण्यात तर जास्तच, आणि ते धुवून जात नाही. लेबलवर भोकाभोवती चरे असतील तर खूप वेळा लावलीय. डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाक बघ. कव्हरमधली रेकॉर्ड कव्हरचीच आहे ना ते नंबरावरून बघ, आणि कव्हर नवंकोरं गुळगुळीत वाटलं तर कलर झेरॉक्स आहे का तेही बघ, सर्रास चालतं. विकणारा 'व्हीजी प्लस', म्हणजे खूप चांगल्या अवस्थेतली, म्हणाला तर आपण मनात एक पायरी खाली धरायची.

प्लेअर आधी घ्यायचा, रेकॉर्डी नंतर. बाबांचा एचएमव्ही फिएस्टा तसाच कुठे मिळाला तर शोकेसमध्ये ठेव, त्यावर चांगली स्टिरिओ एलपी लावू नकोस. हल्ली ऑनलाइन मिळणारे सूटकेस प्लेअर त्याच जातीचे, सुईचं वजन पाच-सहा ग्रॅम, साधारण चांगल्या सेटला दोन ग्रॅम पुरतात. पहिला प्लेअर म्हणून ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स ठीक आहे, फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, आतच असते, पण त्यात वजन बदलता येत नाही आणि कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, बदलता येत नाही. बजेट ताणता आलं तर एलपी१२०एक्स, त्यावर ७८ चा वेगही आहे आणि सुया बदलता येतात. सुईचं आयुष्य कंपनीच ३०० तास सांगते एलिप्टिकलचं (लंबगोल टोकाच्या सुईचं), कोनिकलचं (गोल टोकाच्या) ५००, रोज एक एलपी ऐकलीस तर एक-दीड वर्षात एलिप्टिकल बदलायला येते, ते टाळू नकोस, झिजलेली सुई सगळं कलेक्शन खराब करते. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नावापुरतंच असतं त्यामुळे स्पीकरमधून घूं आवाज येईल, मागची अर्थची वायर अँपला जोड, नाहीच गेला तर इलेक्ट्रिशियनला बोलाव, प्लेअरला दोष देऊ नकोस. म्हणजे पन्नासातले जवळजवळ निम्मे प्लेअर-स्पीकरमध्ये जाणार हे धर, उरलेल्यात पहिल्या वर्षी तीसेक निवडक रेकॉर्डी होतील, दोनशे नाहीत. चालेल की.

मावशीकडच्या चिखलाच्या टाकून देऊ नकोस. पुराने कव्हर आणि लेबल जातं, खाच बहुधा शाबूत असते. कोरडा चिखल पुसायचा नाही, त्यात रेती असते, आधी वाहत्या साध्या पाण्याखाली सुटू दे, गरम पाणी अजिबात नको, वाकते. मग पाण्यात एक थेंब बेबी शॅम्पू, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल, लेबलवर डब्याचं झाकण दाबून धर. शेवटचं खळखळणं बॅटरीच्या पाण्याने, पेट्रोलपंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर म्हणून मिळतं तेच, बाटली वाचून घे म्हणजे अ‍ॅसिड नको यायला. सावलीत उभी वाळव. ७८ ची, लाखेची जड रेकॉर्ड सापडली तर स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही तिला लावायचं नाही, लाख विरघळते, आणि एलपीच्या सुईने ती वाजवायची नाही, तिची खाच बरीच रुंद, तिला वेगळी सुई लागते.

ठेवायचं म्हणशील तर मुंबईत शत्रू बुरशी. ती प्लास्टिक खात नाही, कागद आणि बोटांचा तेलकटपणा खाते, म्हणून जुनं आतलं कागदी पाकीट धुतल्यावर परत वापरायचं नाही, नवीन पॉलिथिनचं अँटिस्टॅटिक घाल. बाहेरचं कव्हर पीव्हीसीचं जाड चकचकीत नको, आपल्या उकाड्यात ते चिकटतं आणि रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतं. उभ्या ठेव, एकावर एक नाही, आणि शंभर एलपीचं वजन पंचवीस किलोच्या आसपास जातं त्यामुळे प्लायच्या लांब फळीला मधे आधार दे. पावसाची झड येते त्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नकोस, चार बोटं सोड. ऑगस्टच्या शेवटी सगळ्या एकदा काढून पंख्याखाली हवा दे, सिलिका जेलच्या पुड्या तेव्हाच बदल. खालचा कप्पा, जमिनीपासून दोनेक फूट, तिथे रेकॉर्डी नकोत, पहिल्या मजल्यावर राहत असलीस तरी.